स्टँडवर आलेले आजोबा

५ जून

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी गोष्ट मिळाली. माझी शाळा चौथीपर्यंतच, तरी बोट ठेवून दोनदा वाचली. शेजारणीला वाचून दाखवली, तर ती रडलीच. तुझी आई नोकरीसाठी परगावी निघाली, तेव्हा घड्याळजी आजोबा दुकान बंद करून स्टँडवर आले आणि आपलं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, हे मी सांगायचे तस्संच उतरवलंस! एक अक्षर हलवू नकोस.

पण तुझा तो रविवारचा लिहिणाऱ्यांचा गट काही मला समजला नाही बाई. चांगली जमलेली गोष्ट चारचौघांपुढे खोट काढायला कशाला न्यायची? त्यात एक नर्स, एक बसचा ड्रायव्हर. आणि ते बोलताना लिहिणारीनं तोंड उघडायचं नाही म्हणे! तू आणि गप्प? लहानपणी तुला गप्प करायला दोन माणसं लागायची. माझा गुडघा बरा आहे. लोभ आहेच, पत्रागणिक वाढव.

तुझी आजी

१४ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

मी गट सोडतेय. नर्सताई म्हणाल्या, शेवट गोड आहे पण पटत नाही. ड्रायव्हरकाका म्हणाले, पहिल्या पानावर बायको जेवायला हाक मारते तरी हा माणूस डोळ्यावरचं भिंग काढत नाही, तो शेवटच्या पानावर स्टँडवर कसा येईल? निरोप द्यायला आलेली माणसं मी रोज बघतो, हा आलेला नाही.

बोलायची पाळी आल्यावर मी ओरडलेच, की हे खरं घडलंय, माझ्या आजीनं पाहिलंय! आता त्यांच्यासाठी आजोबांना खोटं पाडू का? माझंच मला कळेना. तू सांगशील तसं करीन. गुडघा जप, माझ्यावर रागावू नकोस.

तुझी चिमणी

२० जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद, आणि थोडी माफीही.

पत्र वाचून आधी घाबरले, मग हसू आलं, मग काय येतंय तेच कळेना. तिकडे दूध उतू गेलं. आजोबांना कधी न पाहिलेल्या माणसांना कळलं तरी कसं?

आजोबा आले नव्हते गं स्टँडवर. तुझ्या आईचं जाणं त्यांना मान्य नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले होते. काम करताना ते आपलं घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवायचे. त्यांचा डोळा भिंगात असताना ते मीच उचललं आणि बाबांनी दिलंय म्हणून पोरीच्या मनगटावर बांधलं. इतकी वर्षं सांगत आले, सांगता सांगता ते मलाच स्टँडवर दिसायला लागले. तुझ्या आईला मीच लिहीन. कसं लिहू ते सुचत नाही, पण लिहीन. तोवर गोष्ट कुठे छापायला देऊ नकोस.

गट मात्र सोडू नकोस. मला तुझं सगळंच गोड लागतं, माझा काय उपयोग? त्यांना पुढचं वाचून दाखव. त्या संध्याकाळी आजोबांनी ड्रॉवर उघडला, रिकामा पाहिला आणि लावून टाकला. पुन्हा मनगटावर घड्याळ म्हणून बांधलं नाही. दुकानात भिंतभर घड्याळं टिकटिकत असायची, आणि हा माणूस आत येऊन मला विचारायचा, किती वाजले गं? अगदी शेवटपर्यंत.

हे तरी खरं वाटतं का, ड्रायव्हरना विचार. आणि लोभ असू दे त्या सगळ्यांवर. ते बोलतील तेव्हा गप्प बस.

तुझी आजी