जात्याला सांगितलेलं

बारामती,
१४ जुलै २०२५

ती. स्व. कौसल्याआत्यास,
उत्कर्षाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे फोन करायचं धाडस होत नाही. तुझ्या सासूबाई, प्रयागआजी, आता फोन दिसला तरी उठून जातात म्हणे. कारण मी.

आमची संस्था जात्यावरच्या ओव्या जमवते, तुला ठाऊक आहेच. आजी डाळ दळताना गात होत्या, ते मी फोनवर टिपलं. संस्थेला देऊ का, विचारलं. दे की, म्हणाल्या. त्यांना वाटलं, संस्था म्हणजे कपाट. संस्थेच्या पेजवर टाकलं की साऱ्या गावांत जातं, हे मी सांगितलंच नाही. आणि निवडली तीही नेमकी ही ओवी, कारण असंच लोक पुढे पाठवतात:

पंचमीच्या सणा, उभी मी येशीपाशी
दादासो बंधवाची गाडी गेली कुण्या देशी

बाई जात्यावर भावाचं गाऱ्हाणं सांगते ते फक्त जात्याला, हे लहानपणी तूच शिकवलंस. तरी मी ते डाळजला, त्यांच्या भावाच्या गावात पोचवलं. लोकांनी खाली दादासोआबांना जे लिहिलं, ते इथे लिहवत नाही. आता काढून टाकलंय, पण उशिरा.

आजी माझ्याशी बोलतील का गं? लोभ कमी करू नकोस.

तुझी,
उत्कर्षा


अंथुर्णे,
२१ जुलै २०२५

चि. उत्कर्षास,
अ. उ. आ.

बोलते तसंच लिहिते, हसू नको. सासूबाई बऱ्या हायेत, पण जात्याकडं फिरकत न्हाईत. दादासोमामांचा फोन आलता. म्हणाले, अक्का, तू मला चावडीवर उभा केलास. ह्या म्हणाल्या, मी जात्याला सांगितलं रं, तुला कुठं सांगितलं? लई रडल्या. ह्या वयात भाऊ तुटला तर म्हायेर कुठलं, ह्योच घोर.

काल पुन्हा फोन आला. पंचमीला साडी घेऊन येतो म्हणाले. त्या फोनवालीला बी बोलवा म्हणाले. रागानं का कशानं, कळलं न्हाय. तू ये. तोंड लपवून बसायला तू काय नवी नवरी हायेस?

जीव हाय तसाच ठेव.

तुझी आत्या


बारामती,
१ ऑगस्ट २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पंचमीला तू आत दिंडं उकडत होतीस. सोप्यात काय झालं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

आबांनी साडी दिली. आजींनी ती छातीशी धरली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला. मग आबांनी मला विचारलं, फोनवर घेतलंस का? मी नाही म्हटलं. त्यांनी आजींच्या हातातून साडी काढून घेतली, उंबऱ्याबाहेर गेले आणि पुन्हा आत आले. म्हणाले, आता घे, आन खाली लिही, दादासो आला म्हणून.

मी नको म्हणू शकले असते. पण त्यांची अब्रू मीच घालवली होती. मी फोन उचलला. दुसऱ्यांदा साडी घेताना आजी भावाकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, बरोबर चाललंय ना, असं विचारल्यासारख्या.

ते मी पेजवर टाकलं. लोकांनी आबांना शाबासकी दिली. संस्थेत माझंही कौतुक झालं, आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

निघताना पाया पडले तेव्हा आजी हळूच म्हणाल्या, पोरी, आता जात्यावर काय म्हणू? भाऊ आला न्हाय म्हणावं, तर साडी अंगावर हाय. आला म्हणावं, तर त्यो माझ्यासाठी आला न्हाय.

तुला उत्तर सुचलं, तर त्यांनाच सांग.

रागावलीस तरी मला आपलीच म्हण.

उत्कर्षा