बाबांच्या नावाच्या ओळी

शिकागो, ऑक्टोबर १९२७

प्रिय आईस,

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

मी लिहिलेलं गाणं आता इथला प्रत्येक बँड वाजवतो. फक्त सुरुवातीच्या चार ओळी, बाबांचं नाव आणि ते बुडाले ती नदी, सगळ्यांनी गाळल्यात. मी आमच्या ट्रम्पेटवाल्या लूथरला विनवलं. तो म्हणाला, "ताई, लोक नाचायला येतात. बुडालेल्या बापाचं कोण ऐकणार?" आता नव्या छपाईतूनही त्या गेल्या. माझं कुणी ऐकत नाही.

शनिवारी गाणं रेडिओवर लागेल. तू चर्चमधल्या सगळ्यांना ऐकायला बोलावलंयस म्हणे. बाबांचं नाव येणार नाही गं. बँड सुरू व्हायच्या आधी त्या ओळी तूच म्हणशील का?

तुझीच लेक,
ओडेसा