शाल्मलीची पत्रे शाल्मलीलाच

मी, विजयमाला पुंडलिकराव गावंडे, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, विद्यापीठातील कथकची निवृत्त प्राध्यापक, राहणार दिग्रस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर पुतण्या क्षितिज याला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी. पोरगा गुणी आहे, फक्त उतावळा आहे.

२. बँकेतील ठेव आणि घुंगरू माझी शेवटची विद्यार्थिनी आभा हिला. दोरी बदलावी, घुंगरू बदलू नयेत.

३. क्षितिजची आई, माझी वहिनी कुंदा, हिने भर पंगतीत विचारले होते, "नाचून कोनाचं भलं झालं?" तिला माझी जांभळी पैठणी द्यावी. तो रंग तिला शोभत नाही, हे मला ठाऊक आहे.

४. आता मुख्य. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी यवतमाळला दवाखान्यात असताना क्षितिजने माझा सगळा पत्रव्यवहार खोक्यांत भरून विद्यापीठाच्या संग्रहालयात पोचवला. करार असा, की माझ्या हयातीत पत्रे माझ्या मालकीची आणि बंद; मी गेल्यावर ती सर्वांना खुली. त्यात शाल्मलीचीही गेली.

शाल्मली माझी सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. लग्न होऊन राळेगावकडे गेली आणि तिचा नाच सुटला, पत्रे सुटली नाहीत. विद्यार्थिनीने पत्राच्या डोक्यावर एखादा तोडा, म्हणजे नाचाचे बोल, लिहिलेला नसेल तर मी उत्तर देत नसे. हिने त्या नियमाचा आडोसा केला. वर 'ता थेई थेई तत्', खाली सासूचा जाच, नवऱ्याचा अबोला, विहिरीकडे बघत काढलेल्या दुपारी. घरात कोणी पत्र उघडलेच, तर वरच्या ओळी बघून कंटाळून ठेवून देई. संग्रहालयही तसेच फसले. तोडे पाहून त्यांनी ती पत्रे 'रियाजाचे धडे' म्हणून लावली. म्हणजे विद्यार्थी सर्वांत आधी तीच मागणार.

मागे तिचा फोन आला. "बाई, सासूले आता माह्याच हातचं जेवन लागते. मले माय म्हनते. पोरीचं लग्न जमून राह्यलं. ते कोनी वाचलं तं कसं होईन?" ती रडत होती आणि मलाही रडू आले.

मी पत्रे परत मागितली. विभागप्रमुख म्हणतात, बैठकीत ठरवू. बैठकांवर बैठका होत आहेत आणि मला आता जिना चढताना दम लागतो. माझ्या मरणाने या मुलीचा संसार चव्हाट्यावर येऊ नये. म्हणून तिची सर्व पत्रे मी तिलाच देत आहे. कोणीही नक्कल ठेवू नये. क्षितिजने ती न वाचता स्वतः तिच्या हाती द्यावीत. जाळायची की जपायची, ते ती ठरवेल. बाकीची पत्रे विद्यापीठाने खुशाल ठेवावीत.

५. विभागप्रमुखांना शोकसभांची हौस आहे. माझी सभा, फोटो, हार, भाषणे, सगळे काही शाल्मलीच्या हाती पत्रे पडेपर्यंत थांबवावे. मला घाई नसेल. तिला आहे.

(सही) विजयमाला पुंडलिकराव गावंडे

बाईंनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
गुलाबसिंग राठोड, शेजारी, दिग्रस (सही)
अंकुर पुंड, औषध दुकानदार, दिग्रस (सही)

ठिकाण: दिग्रस, जि. यवतमाळ
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५