सदक्याचा बकरा

१४ डिसेंबर १९०७, शनिवार

बांधला! आज पुन्हा दारात काळा बकरा आणून बांधला!

जिल्कादचा महिना लागला की माझ्या धाकट्या भावाला धर्म सुचतो. तीन सालांमागं ह्याच महिन्यात नवाब प्लेगातून उठला, म्हणून दर साली जिवाचा सदका काढतो. बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा, दुवा पढायची, बकरा कापून सगळं मटण गोरगरिबांत वाटायचं. जिवाच्या बदल्यात जीव. सगळा मोहल्ला वाहवा करतो — नवाबला अल्लानं राखलं, नवाब विसरला नाही!

आणि त्याच आठवड्यात माझा वजीर गेला. सात वर्षांचा. त्याचं काय? एकाच घरातली दोघं आजारी पडली, एकाला राखलं, एकाला नेलं. राखणाऱ्याचे आभार मानायचे, तर नेणाऱ्याला काय म्हणायचं? हे विचारलं की सगळे तोंड फिरवतात. नवाब तर "राहू द्या, भाई," एवढंच म्हणतो आणि बकऱ्यापुढं पाला टाकतो.

घरात बाळबोध लिपी वाचणारा मी एकटा, हे बरं आहे. मराठी शाळेत मास्तरांनी झोडपून शिकवलं त्याचा आज उपयोग होतोय. हे सगळं तोंडानं बोललो तर घर राहायचं नाही.

१६ डिसेंबर

हातकागद काढायच्या हौदावर दोन माणसं लागतात. एकानं लगद्याच्या पाण्यात साचा बुडवून कागद उचलायचा, दुसऱ्यानं तो उतरवून थरावर घ्यायचा. अजान झाली की दुसरा माणूस पसार! मी साचा धरून उभा, पाणी कोपरावरून गळतंय, कागद फाटतोय. नवाबसाहेब नमाज पढून सावकाश येणार.

पूर्वी हाच नवाब जुम्म्यालासुद्धा मसजिदीत दिसायचा नाही. नारायणगावात तमाशाचा फड उतरला की घरी यायचाच नाही. अम्मा रडायची. आता कपाळाला घट्टा पडलाय. मरण बघून टरकला, दुसरं काही नाही. घाबरटाचा धर्म! मी वजीरला माती दिली त्या दिवसापासून मसजिदीची पायरी चढलेलो नाही, आणि चढणारही नाही.

त्याची बायको ताहेरा बिचारी भली आहे. दिवस भरत आलेत तिचे. पहिलंच बाळंतपण. तिला बघून राग आवरतो.

१८ डिसेंबर

नूरबीशी भांडलो. लग्नाला बारा वर्षं झाली, एवढं कधी भांडलो नव्हतो.

ही हल्ली जानमाज घालून नमाजाला बसते. मला न विचारता. मी म्हटलं, "तुझा पोरगा नेला त्यानं, आणि त्याच्यापुढंच वाकतेस? लाज नाही वाटत?"

ती उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "तिथं मला वजीरचं नाव घ्याया मिळतं. घरात तुमी घेऊ देत न्हाई."

मी भांडं आपटलं. मी कधी अडवलं तिला? कधी? दिवसभर आठवतोय. तिनं नाव काढलं की मी उठून बाहेर जातो, हे खरं आहे. ते अडवणं झालं का?

२० डिसेंबर, शुक्रवार

जुम्मा. गेलो नाही. लगदा कुटत बसलो. गल्लीतले बघत बघत गेले. बघू देत!

२१ डिसेंबर

उत्तमचंदशेठ वह्यांसाठी कागद न्यायला आले. गिरणीच्या कागदावर शाई पसरते म्हणून अजून आमचाच नेतात. नवाब नमाजाला गेलेला पाहून म्हणाले, "भाग्यवान आहे तुमचा भाऊ."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शेठ, तुम्ही कशासाठी जाता मंदिरात? खरं सांगा. पुण्यासाठी का धंद्यासाठी?"

रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. म्हणाले, "आई होती तोवर मी कधी गेलो नाही, हनीफभाई. ती गेली नि मला रागवणारं कुणी उरलं नाही. तिथं जाऊन बसलं की वाटतं, कुणीतरी बघतंय, नीट वागलं पाहिजे."

म्हटलं, "मला नको बघणारा. तीन सालांमागं कुठं बघत होता तो?"

शेठ कागद उन्हात धरून बघत बसले. प्रत्येकाचं आपापलं दुखणं, आणि प्रत्येकानं त्याला एकच नाव द्यायचं! मला हे ढोंग वाटतं. शेठ ढोंगी नाहीत, त्यामुळे आणखीच चीड येते.

२५ डिसेंबर

कापला बकरा. गोरगरीब येऊन घेऊन गेले. दुवा देत गेले.

मी मागच्या दारी हात धुवायला गेलो तर तिथं नवाब भिंतीला धरून ओकत होता. त्या मटणातला तुकडाही खाल्लेला नव्हता, सदक्याचं आम्ही खात नाही. मला बघून तोंड पुसलं. मी म्हटलं, "आभार मानताना ओकारी येते होय रे?" जरा जास्तच बोललो. पण मला त्याची दया आली नाही. येऊ नये असंच वाटतं.

२८ डिसेंबर, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय. तरी लिहितो.

कुकडी नदीवर लगदा धुवायला गेलो होतो, मी आणि नवाब. चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन त्याच्या. मध्येच त्यानं टोकं सोडली. सगळा लगदा पाण्याबरोबर गेला! मी शिवी हासडली. तो गुडघाभर पाण्यात तसाच उभा.

"भाई, ताहेराचे दिस भरलेत. त्याच्या आदी बोलाया पायजे."

"बोल की मग! लगदा कशाला सोडलास?"

"प्लेगात मी गावाभाईर झोपडीत पडलो व्हतो. काखेत गाठ. तुमी भाकरी दाराशी ठेवून लांब उभं राहायचे. मला कळलं, आता मी न्हाई उठत. सदका काढाया जवळ कोंबडीबी न्हवती. मग मी अल्लाला म्हणलो — मला ठेव. घरातलं दुसरं कुणीबी ने."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "कुणीबी?"

"अम्मा डोळ्यापुढं व्हती. म्हातारी झालीया, म्हणलं. पर नाव न्हाई घेतलं. आईचं नाव घ्याया जीभ रेटंना. दुसऱ्या दिशी मला घाम फुटला, ताप उतरला. आन वजीरला चढला."

 मग म्हणाला, "त्यानं ऐकलं माझं, भाई. तवापासून मला ठावं हाय, त्यो हाय. मी आभार न्हाई मानत. मला भ्या वाटतं त्याचं."

आणि वर मागणं! मौलवींनी त्याला सांगितलंय, अल्लाचा गुन्हा अल्ला माफ करील, पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा केलेला गुन्हा त्या बंद्यानंच माफ करायचा असतो. "तुमी एकदा म्हणा, केलं माफ. न्हाई तर त्यो माझं पोर नेईल."

मी हातातली ओली चादर त्याच्या तोंडावर फेकली आणि घरी आलो.

२९ डिसेंबर

मी मानत नाही. मग मला काय अडचण आहे? वर कुणी नाही, तर नवाब हवेत बडबडला. तापात माणूस काहीही बोलतो. प्लेग उंदरांमुळं येतो, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलंय. माफ करण्यासारखं काही घडलंच नाही. दोन शब्द म्हणायचे आणि मोकळं व्हायचं.

सकाळी तो दारात आला. मी तोंड उघडलं. शब्द बाहेर येईनात! त्याचा गळा धरावासा वाटला. त्यानंच मारलं माझ्या पोराला, त्यानंच! मग मी मानतो की काय?

३० डिसेंबर

नूरबी विचारते, "काय झालं तुमा दोघांत?" सांगितलं नाही. ताहेराचं बाळंतपण तिलाच काढायचंय. कळलं तर कुठल्या हातानं काढील?

१ जानेवारी १९०८

सकाळपासून ताहेरा अडलीय. सुईण साळुबाई आली. म्हणते, पोर पायाकडून येतंय. नूरबी आत-बाहेर करतेय, गरम पाणी, फडकी. ताहेराचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जातंय.

नवाबनं सगळ्यांदेखत माझे पाय धरले. "म्हणा, भाई! आता तरी म्हणा!"

पाय सोडवून घेतले. हौदाच्या छपरात जाऊन बसलो. माझा वजीर असाच ओरडत होता, मांडीतल्या गाठीनं. तेव्हा ह्याला घाम फुटून बरं वाटत होतं! अंगाची आग आग झाली. छपराकडं बघून मोठ्यानं म्हणालो — "असलास तर ने. माझं नेलंस तसं ह्याचंबी ने. फिटू दे."

बोलून गेलो. मीच बोललो. आता कान आतल्या आवाजाकडं आहेत. साळुबाई ताहेराला "रेट आणखी" म्हणतेय.

२ जानेवारी

काल रात्री मुलगी झाली. पायाळू. निळी पडली होती, साळुबाईनं पालथी धरून पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा कुठं रडली. ताहेरा शुद्धीवर आहे, पेज प्यायली.

ती रडेपर्यंत मी छपरातून हललो नव्हतो. जन्मात कधी एवढा घाबरलो नाही. माझे शब्द परत घेता येईनात. वजीरला माती देताना वाटलं होतं, वर कुणीतरी असावा, म्हणजे त्याचं गचुरं धरता येईल. काल वाटलं, कुणी नसावा. असलाच तर बहिरा असावा. मग तिचं रडणं ऐकू आलं. तिथंच ओल्या जमिनीवर बसलो.

नवाब धावत आला. मी काही विचार न करता म्हणालो, "केलं माफ." एवढे दिवस न निघालेले शब्द सहज निघाले. तो गळ्यात पडून रडला. मला त्याच्याकडं बघवेना. नूरबीनं पोर माझ्या हातात द्यायला पुढं केलं. म्हटलं, हात ओले आहेत.

३ जानेवारी, शुक्रवार

नवाबला सांगितलं, मी काय मागितलं होतं ते. त्यानं माझ्या सदऱ्याचा गळा धरला. मीही सोडवून घेतला नाही. किती तरी वेळ धरून होता. मग त्याची मूठ ढिली पडली. म्हणाला, "म्हंजी... असलं मागितलेलं त्यो देत न्हाई, भाई? मग वजीर माझ्यामुळं न्हाई?"

"न्हाई," मी म्हटलं.

वजीरचं भांडण मिटलेलं नाही, मिटणारही नाही. पण आज अजान झाली तेव्हा नवाबच्या आधी मी उठलो. मसजिदीत गेलो. ज्यानं माझं ऐकलं नाही, त्याच्यापुढं डोकं टेकलं.