आस्तूला न्यायला आलेला माणूस

प्रिय एलिमान,

बिराम शनिवारी स्पेनला परत निघतोय. हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं अशी शपथ मी त्याला घातली आहे. फोन केला असता, पण फोनवर तू हसतोस आणि मग मला पुढचं काही बोलता येत नाही.

आधी मैदानाची खबर सांगते, नाहीतर तू रुसशील. तुझ्या पैशांतून बाबांनी रेल्वे कारखान्यामागच्या मैदानावर बास्केटबॉलच्या नव्या फळ्या आणि रिंगा बसवून घेतल्या. संध्याकाळी इतकी पोरं जमतात की वाळू झाडायला वेळ मिळत नाही. त्यात निम्म्या मुली. इमामसाहेब सुरुवातीला त्यांच्या उघड्या पोटऱ्यांवरून कुरकुरले, मग लांब पायजमे घालायला लावले आणि हळूच स्वतःची नातही पाठवली. चेंडू मात्र चारच आहेत, तेही टकलासारखे गुळगुळीत. डाकारच्या साहेबांना अर्ज करून हात दुखले, अजून उत्तर नाही. शिट्टी माझ्या गळ्यात असते आणि पोरं माझ्यामागे मला फौजदार म्हणतात. बाबा कडेच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘ही रिंग म्हणजे माझ्या एलिमानच्या खेळाची कमाई.’ ते ऐकून माझीही मान ताठ व्हायची.

तबास्कीला, बकरीदीच्या दिवशी, बिराम घरी आला. चहा वरून खाली ओतत फेस काढत बसला होता. मी सहज विचारलं, ‘स्पेनमध्ये आमच्या एलिमानची मॅच कधी पाहिलीस का रे?’ त्याचा हात थांबला. ‘कसली मॅच, ताई? आम्ही एका खोलीत सातजण राहतो, त्यातला तो एक. पहिल्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. अकादमीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर ठेवलं. प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो तोडतो तो. माझ्याकडून न सांगण्याचं वचन घेतलंय त्यानं, आता तूच माझी लाज राख.’ पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते खोटं नाही. सहा वर्षं, एलिमान! म्हणजे मैदानावरच्या त्या रिंगा टोमॅटोच्या पैशांच्या.

मी तशीच आईकडे गेले. ती मासळीचे खवले काढत होती. मी काय सांगणार हे ओळखल्यासारखी म्हणाली, ‘माहीत आहे मला. खेळणारं पोर कधीतरी हरतं. माझं पोर इतक्या वर्षांत फोनवर एकदाही हरलं नाही.’ हा धक्का मला पहिल्यापेक्षा मोठा बसला. ‘मग गप्प का बसलीस?’ तर म्हणाली, ‘सुतुरा.’ एवढंच बोलली आणि पुढचा मासा हातात घेतला. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलं ना, की दुसऱ्याची लाज झाकायची, मेलो तरी उघडी करायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू बाबांपासून झाकलंस, बिरामनं तुझं झाकलं आणि आईनं तुम्हा सगळ्यांचं. एकजात सज्जन माणसं. मला त्या क्षणी आपल्या सज्जनपणाचा संताप आला.

तरीही मी हे पोटात घातलं असतं. पण सोमवारी मस्यू बाल्दे दारात उभा राहिला. तोच, ज्यानं तुला स्पेनच्या अकादमीत नेलं. मुलीला मागणी घालायला यावं तसा कोलाफळं घेऊन आला, माशाचा भात दोनदा मागून खाल्ला आणि बाबांकडे अकादमीसाठी आस्तूला मागितलं. आपल्या आस्तूला, जी पंधराव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटते आणि अजून आईच्या कुशीत झोपते. बाबांनी कोलाफळं घेतली, शेजारच्या म्हाताऱ्यांना वाटलीसुद्धा, म्हणजे शब्द गेला. मी आडवी आले, तर चारचौघांत म्हणाले, ‘तुला कोणी निवडलं नाही, म्हणून बहिणीचं बघवत नाही का?’ तुझं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, पण जीभ उचलली नाही. मीही त्याच आईची लेक. महिनाअखेरीस तिचं विमान आहे. ती आत्ताही अंगणात उड्या मारतेय, कारण तू विमानतळावर घ्यायला येणार असं बाल्देनं तिला सांगितलंय. पण मी हे पत्र लिहायला बसले ते यासाठीही नाही. बाल्दे निघताना मी त्याला दारात गाठलं, म्हटलं, आमच्या घरातलं एक पोर पुरलं नाही का तुला? तो शांतपणे हसला. म्हणाला, ‘ताई, रागावता कशाला? आस्तूचं नाव एलिमाननंच तर सुचवलं.’ तो खोटं बोलत असेल, तर हे वाचून होताच बाबांना फोन कर आणि गुडघ्यापासून सगळं सांग. तो खरं बोलत असेल, तरी बाबांनाच सांग. मला सांगू नकोस. मला तुझी बहीण राहायचं आहे.

तुझीच,
खार्दियाता