सोमवारी सुरू होणारा आठवडा

डुलुथ, मिनेसोटा

चि. सिग्रिड हिला ओर्विलमामाचे अनेक आशीर्वाद.

सिॲटलच्या पावसात तुझा खोकला कसा आहे? (तुझ्या आईनं फोनवर खोकून दाखवला, त्यावरून बरा नसावा.) इथे थंडी कडाक्याची आहे आणि मामीचा गुडघा दुखतो आहे, दोन्ही दरवर्षीप्रमाणे.

पत्रास कारण, आमच्या कर्लिंग क्लबातलं, म्हणजे झाडूनं बर्फ घासत दगड सरकवायच्या खेळातलं, भांडण. त्यात मी मार खाल्ला असं ऐकलं असशील तर ते खोटं आहे. मी फक्त मध्ये पडलो, तेही घसरून. क्लबचं वेळापत्रक मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघतं आणि तो चालतो तुमच्या कंपनीच्या टॅमरॅक या सॉफ्टवेअरवर. आमचा आठवडा सोमवारी सुरू होतो. टॅमरॅक मात्र, कितीही सांगा, तो रविवारीच सुरू करतं. परिणामी एकच रविवार दोन आठवड्यांत मोजला गेला, आणि गेल्या रविवारी चर्चच्या बायका आणि अग्निशमन दलाचे गडी बर्फाच्या एकाच पट्टीवर झाडू घेऊन हजर. “बर्फ आम्ही घासलाय, आता आम्ही हलणार नाही,” असं बर्निस टॉर्गरसन म्हणाली, आणि ती हलत नाही हे गावाला ठाऊक आहे.

आता टॅमरॅक सगळ्यांचं आहे, कुणीही दुरुस्ती पाठवावी, असं तुम्हीच लिहून ठेवलंय. मी नऊ ओळींची दुरुस्ती पाठवली. (स्वतःपुरती करून पाहिली होती, पण तुमची नवी आवृत्ती आली की ती पुसली जाते.) आधी तुमच्या यंत्रानं आभार मानले. मग ओळी माझ्याच आहेत आणि यापुढे तुमच्याही आहेत, अशा कागदावर सही घेतली. मग एका साहेबानं कळवलं की कल्पना उत्तम आहे, पण यंदाच्या योजनेत आठवडे बसत नाहीत. त्याच महिन्यात तुमच्याच माणसानं बटणांना जांभळा रंग दिला, तो मात्र एका दिवसात बसला. घर आपलंच समजा म्हणायचं, आणि पाहुण्यानं खुर्ची सरकवली की कपाळाला आठ्या घालायच्या. मला राग आला, अजूनही येतो.

वर प्रत्येक दुरुस्तीचं तुमच्याकडे एक पान असतं, त्यावर कुणीही लिहावं; माझ्या पानावर तुमचं यंत्र दर महिन्याला विचारतं, कुणी बोलत नाही, तर हे पान बंद करू का? म्हणून मी लिहितो, नको, अजून हवं आहे. हॅलिफॅक्सच्या मार्गरेटबाईंचा गायनवर्ग याच रविवारात अडकलाय, सॅस्काटूनच्या डेस्मंड नावाच्या गुरांच्या डॉक्टरचंही तेच. तेही येऊन लिहितात. लिहिता लिहिता डेस्मंडनं मामीच्या गुडघ्याला घोड्याचं मलम सुचवलं. (उतार पडला, पण हे मामीला सांगू नकोस, मलम कुणाचं ते तिला माहीत नाही.)

असो. मी काही मागायला लिहीत नाही.

तुझा,
ओर्विलमामा

ता. क. – दुरुस्त्या घ्यायच्या की नाही ते आता तूच ठरवतेस, असं तुझी आई म्हणाली. माझ्या नऊ ओळींवर एक नजर टाक. घरचं माणूस म्हणून नव्हे, पण घरचं माणूस आहेस हे विसरूही नकोस.

ता. ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. दुरुस्ती घेतली की तुमचं यंत्र त्या पानाला कायमचं कुलूप लावतं, हे डेस्मंडनं आत्ता सांगितलं. मार्गरेटबाईंचे यजमान ऑक्टोबरात गेले. तेव्हापासून त्या सकाळी उठल्यावर आधी तिथेच येतात, आणि आम्ही दोघं उत्तर देतो. बर्निसला मी सांभाळीन. तू दुरुस्ती घेऊ नकोस आणि पानही बंद होऊ देऊ नकोस. नुसतं काहीच करू नकोस. तुमच्या कंपनीला ते जमतं.