झेंडीपासून दहा पावलं

ती. मामांना साष्टांग नमस्कार,

नवा गुडघा काय म्हणतो? ताईचा फोन होता, की तुम्ही बिछान्यातूनच जावईबापूंना भाजी कशी चिरायची ते शिकवताय, म्हणजे प्रकृती उत्तम असणार. इकडे मामी ठणठणीत आहे आणि काळजी करण्यासारखं काहीही नाही. (जे होतं ते होऊन गेलं.)

जाताना तुम्ही बजावलं होतंत, की कुरणातलं गवत सोमवारी कापून घे आणि तुझ्या त्या पाखराचं घरटं मधे आलं तर तेवढा तुकडा सोड. (पाखराचं नाव चार वेळा सांगून झालंय, पाचव्यांदा सांगणार नाही.) हे पाखरू मुलखाचं हट्टी. झाड नको, वळचण नको, उंच गवताच्या बुडाशी जमिनीवरच संसार थाटणार. अख्ख्या टापूत मोजून अकरा जोड्या उरल्यात, त्यातली एक तुमच्या कुरणात, आणि घरट्यात चार अंडी. आमच्या पक्षीगणनेत नियम असा, की खुणेची झेंडी घरट्यापाशी लावायची नाही. कावळे महाबिलंदर, झेंडी म्हणजे जेवणाचं आमंत्रण समजतात. म्हणून झेंडी दहा पावलं लांब. हे सगळं मी ट्रॅक्टरवाल्या काकांना नीट समजावलं. म्हणजे, झेंडीभोवतीचं कापू नका एवढं सांगितलं. दहा पावलांचं राहिलं. (हसू नका, टाके ओढले जातील.)

काका बिचारे सरळमार्गी. त्यांनी झेंडीभोवती न्हाव्यानेही मान डोलवावी असं गोल गवत राखलं आणि ट्रॅक्टर वळवला तो थेट घरट्याकडे! मी बोंबलत धावले. काकांच्या कानात गाणी. मी हात हलवले, त्यांनीही हसून हात हलवला. चप्पल फेकली, ती अजून सापडलेली नाही. आडवं पडावं, तर एवढ्या गवतात मी दिसणार कुणाला? आठ महिने ऊन-थंडी न बघता ज्यांच्यासाठी हिंडले, ती माझ्याच अर्धवट बोलण्यापायी चिरडली जाणार होती. तेवढ्यात फाटकाशी तुमची गाडी आणि शेजारी मामी दिसली. मामीच्या हातातून किल्ली हिसकावली, गाडी कुरणात घातली आणि ट्रॅक्टर नि घरटं यांच्या मधे आडवी उभी केली. तुमच्या गाडीला ओरखडा काढायची छाती इथे कुणाची आहे? काकांनी करकचून ब्रेक मारला.

घरटं वाचलं. मी तिथेच बसून रडले. काकाही रडले. (त्यांना वाटलं, गाडीला धक्का लागला.)

तुमची लाडकी (असेन अजून, तर)
भाची

ता.क. पुढच्या आठवड्यात तुम्हाला आणायला गाडी येणार नाही, बसने या. चारही अंडी काल फुटून पिल्लं बाहेर आली. आता गाडी हलवली तर पाखरं बिथरून पिल्लांना टाकून जातील. म्हणून गाडी आणि उरलेलं अर्धं गवत, दोन्ही दोन आठवडे आहे तसं राहू द्या. पाया पडते, एवढं ऐका. नर तुमच्या आरशावर बसून फार गोड गातो. (आरशाचं विचारू नका.)

ता.ता.क. तुम्ही मामीकडे दाद मागाल, म्हणून आधीच सांगते. ती परवापासून माझी दुर्बीण घेऊन गाडीतच बसलेली असते. जेवणाचा डबाही तिथेच मागवते. तुम्ही म्हणे तिला आजवर कधी काच खाली करू दिली नाहीत. आता चारही काचा खाली आहेत. पिल्लं उडाली तरी ती उतरेल असं मला वाटत नाही.